पिशवी माशीच्या आधी पोचली पाहिजे

सदर : धुऱ्यावरून

मागच्या अंकात पेरूच्या बागेबद्दल लिहिताना फळाला पिशवी बांधण्याचा विषय ओझरता आला होता. त्यावर गोंदियापासून अकोटपर्यंतची पत्रं आली. कुणी पिशवीचं माप विचारलंय, कुणी खर्च, तर कुणी सरळ विचारलंय की ताई, हे नुसतं फॅड आहे की खरंच कामाचं आहे. माझी बाग परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. पेरू, थोडा केशर आंबा आणि सासऱ्यांच्या वेळचा संत्र्याचा बगीचा. रोज जे हाताखालून जातं, त्याच्याच आधारानं उत्तरं देते.

ताई, आमच्याकडे दीड एकर जांब (पेरू) आहे, तैवान पिंक जातीचा. वरून फळ नितळ दिसते आणि कापले की आत अळ्या. फवारण्या करून थकलो. मागच्या पावसाळ्यात पिशव्याही बांधल्या, तरी आतले फळ सडलेच. मग पिशवीत पैसा घालायचा कशाला?
— एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

भाऊ, तुमच्या लांबलचक पत्रात मधेच एक वाक्य आहे : ‘फळं पांढरट पडायला लागली तशा आम्ही पिशव्या चढवल्या.’ सगळं तिथंच घडलं. तोवर माशी येऊन, अंडी घालून गेलेली होती. तुम्ही पिशवी बांधली ती अळीसकट बांधली.

फळमाशी साधारण घरातल्या माशीएवढी, तपकिरी-पिवळसर. फळ भरत आलं की त्याच्या वासावर मादी येते, शेपटाकडच्या टोकदार नळीनं साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात. मग फळ गळून पडतं, अळ्या बाहेर येऊन मातीत दोन-तीन बोटं खोल जातात, कोष करतात, आणि आठ-दहा दिवसांत तिथूनच नवी माशी वर येते. यातला अंडी आणि अळीचा सगळा काळ फळाच्या आत जातो. वरून मारलेलं औषध तिथं पोचतच नाही, म्हणून तुमच्या फवारण्या वाया गेल्या.

एकदा सकाळच्या तिरप्या उन्हात झाडाखाली उभं राहून फळ न तोडता फिरवून पाहा. माशीनं टोचलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, त्याच्या भोवतीची साल किंचित खोलगट आणि पाणी शोषल्यागत ओलसर हिरवी असते. अंगठ्यानं हलकं दाबलं तर त्या भोकातून रसाचा थेंब वर येतो. असं फळ बांधू नका, तोडून वेगळं करा. कापून ताटलीत ठेवलं तर अळ्या अंगाची कमान करून टुणकन ताटलीबाहेर उड्या मारतात. घरातल्या पोरांना हे नक्की दाखवा. मग पडलेलं फळ बागेत का ठेवायचं नाही, हे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

बांधायची वेळ म्हणजे फळ लिंबाएवढं झालं की लगेच. त्या वयात फळ कडक असतं, माशीला त्याची फारशी ओढ नसते. बांधण्याआधी घोसातलं एकच चांगलं फळ ठेवून बाकीची काढून टाका. फळाच्या शेंड्याला चिकटलेलं वाळकं फूल चोळून काढा, कारण बुरशी तिथूनच सुरू होते. पिठ्या ढेकूण (कापसासारखा पांढरा किडा) दिसत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा, फवारा पूर्ण वाळू द्या, आणि दव उतरल्यावर बांधायला घ्या. ओलं फळ पिशवीत गेलं की ते सडणारच.

पेरूला आधी फोमची जाळी आणि तिच्यावर पिशवी चढवतात. पिशवीचं तोंड देठावर आवळू नका. पेरूचा देठ आखूड असतो, वाऱ्यानं पिशवी हलली की देठाला पीळ बसतो. देठ जिथून फुटतो त्या फांदीवर तोंड चुण्या घालून बांधा, म्हणजे भार फांदीवर राहतो. आत पान अडकू देऊ नका. खालचे दोन्ही कोपरे कात्रीनं छाटा, म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल. पावसाळ्यात साधी पॉलिथिन पिशवी आतून घामेजते, तिथं अँटीफॉग, म्हणजे आतून न घामेजणारी पिशवीच घ्या. पण मे महिन्यात, आपल्याकडं पारा 45 च्या पुढं जातो तेव्हा, कुठलीही प्लॅस्टिकची पिशवी भर उन्हाच्या बाजूला लावू नका. त्या दिवसांत कागदी किंवा पांढऱ्या न विणलेल्या कापडाची पिशवी लावा.

पिशवीच्या बरोबरीनं दोन कामं चुकवू नका. पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलायचं आणि दोन फूट खोल पुरायचं, नाहीतर जाड काळ्या पिशवीत तोंड गच्च बांधून उन्हात टाकायचं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ढीग लावला तर माशीची पुढची पिढी आपणच पोसतो. दुसरं काम मिथाइल युजेनॉल या माशीला ओढणाऱ्या वासाच्या सापळ्यांचं, एकरी चार. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच कामाचा आहे. एवढं मात्र ध्यानात ठेवा की या वासाला फक्त नर येतात. आधीच फळलेली मादी सापळ्याकडं ढुंकून पाहत नाही, ती फळाकडंच जाते. म्हणून एकट्याच्या वावरात सापळे लावून भागत नाही, शेजारच्या चार बागांनी एकाच वेळी लावले तर माशी कमी झालेली जाणवते.

आणि भाऊ, माझं स्पष्ट मत विचाराल तर पावसाळ्यातलं पीक घेऊच नका. आंबे बहाराचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर फुललेलं फळ जुलै ते सप्टेंबरात येतं, नेमका तेव्हाच माशीचा जोर असतो आणि फळाला गोडीही कमी असते. उन्हाळ्यात पाणी तोडून झाड ताणावर ठेवा, मृग बहार म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं धरा. ते फळ थंडीत येतं, माशी कमी असते आणि चव तर सांगायलाच नको. त्या फळाला सप्टेंबर-ऑक्टोबरात पिशवी बांधली की तुमचा पैसा वसूल होतो. आमच्याकडं फोम, पिशवी आणि बायांचा रोज धरून फळामागे दोन-अडीच रुपये पडतात. शंभर ग्रॅमच्या फळाला हा खर्च झेपत नाही, पाव किलोच्या वर गेलेल्या फळाला सहज झेपतो. विरळणी आधी आणि पिशवी नंतर, हा क्रम त्यासाठीच आहे. सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे, बहार धरण्याआधी माती आणि पानं घेऊन एकदा जाऊन या.

आमच्या बचत गटाला एका बागवाल्याने वर्तमानपत्राच्या पिशव्या करून मागितल्या आहेत. काम चांगले आहे. पण छपाईची शाई फळाला लागते का? खाणाऱ्याला त्रास झाला तर बोल आमच्यावर यायचा.
— गटातली एक बाई, ता. दर्यापूर, जि. अमरावती

बाई, काम हाती घेण्याआधी हा प्रश्न पडला याचंच मला कौतुक वाटतं. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं 2016 मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचना काढली, ती शाईतल्या रसायनांमुळंच. गरम, तेलकट भज्याला शाई जशी पटकन लागते तशी झाडावरच्या कोरड्या, सालीच्या फळाला लागत नाही. आंब्याला वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधण्याची शिफारस आहेच, आणि आंबा आपण धुऊन, साल काढून खातो. पेरू मात्र सालीसकट खाल्ला जातो आणि पावसात ओला कागद त्याला चिकटतो. म्हणून बागवाल्याला आधी विचारा, पिशव्या कशासाठी हव्यात? आंब्यासाठी असतील तर वर्तमानपत्र चालेल, पण रंगीत जाहिरातींची गुळगुळीत पानं बाजूला काढा. पेरूसाठी असतील तर कोरा खाकी कागद मागा. डाळिंबवाले बटर पेपरची पिशवी घेतात. फळ लहान असतानाच ती चढवली तर त्यावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराला आडकाठी होते.

आंब्यासाठी साधारण 25 बाय 20 सेंटिमीटरची पिशवी लागते. कणकेची खळ लावू नका. पहिल्याच सरीत जोड सुटतो, आणि ठेवलेल्या गठ्ठ्याला उंदीर लागतात. गटात शिलाई मशीन असेल तर लांब टाक्यानं शिवा. टाका बारीक घातला तर कागद त्या रेषेवरच फाटतो. मजुरी शेकड्यावर ठरवा आणि कागदाचा भाव त्यात धरू नका, कागद बागवाल्यानं आणून द्यावा. बायांच्या हातचं काम आहे म्हणून स्वस्तात द्यायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही.

आमचा आंबिया बहाराचा संत्रा दसऱ्याच्या सुमारास सडा पडल्यावाणी गळतो. व्यापारी बगीचा पाहायला येतो आणि जमिनीकडे पाहून भाव पाडतो. संत्र्याला पिशव्या बांधता येतील का?
— एक बागाईतदार, ता. मोर्शी, जि. अमरावती

नाही हो भाऊ. चांगल्या झाडावर आठशे-हजार फळं असतात, आणि झाडं शेकड्यानं. तेवढे हात आणायचे कुठून? तैवानात पेरूला, मलेशियात कमरखाला (स्टार फ्रूट), फिलिपिन्समध्ये आंब्याला पिशवी बांधतात. तिथं फळ मोजकं असतं किंवा नगाला भाव चांगला मिळतो. आपला संत्रा ढिगानं विकला जातो.

पण तुमचं दुखणं मला कळतं. आमच्याही बगीच्यात नवरात्र आलं की छातीत धडकी भरते. आधी गळ कशाची ते ओळखा. पडलेलं फळ हातात घेऊन फिरवा. सालीवर बारीक गोल छिद्र असेल आणि दाबल्यावर त्यातून रस उडत असेल, तर तो रस शोषणाऱ्या पतंगाचा घाव. छिद्र नसून जमिनीलगतची, खालच्या फांद्यांवरचीच फळं तपकिरी होऊन पडत असतील तर ती पावसाच्या चिखलातून उडालेली बुरशी आहे, तिचा इलाज वेगळा. देठाकडून काळं पडून गळत असेल तर तेही बुरशीचंच लक्षण. फळ नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नेऊन दाखवा. अंदाजानं औषध मारणं महाग पडतं.

पतंग असेल तर दिवसा तो सापडायचा नाही. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बगीच्यात जा. पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे आणि मागचे पिवळे-नारिंगी, त्यावर काळा पट्टा, असा मोठा पतंग फळावर सोंड रोवून बसलेला दिसेल. त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर, म्हणजे तुमच्या-माझ्या धुऱ्यावरच्या कुंपणात. बगीच्यालगतच्या या वेली पावसाळ्यातच उपटून काढा. गुळवेल औषधी आहे, काढवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. घराच्या अंगणात एक वेल राखा, पण बगीच्याच्या धुऱ्यावर नको. फळ रंग धरायला लागलं की रोज सांजेला ओलसर काडीकचरा पेटवून धूर करा, प्रकाश सापळे लावा, आणि पडलेली फळं रोज उचलून पुरा. सडक्या फळाच्या वासावर पतंग आणखी येतात, शिवाय पिकत्या संत्र्याला फळमाशीही लागते. ही कामं शेजारच्या बगीच्यांनी मिळून केली तरच गुण येतो. गावात बैठक घ्या, ग्रामसभेत विषय काढा. व्यापाऱ्यानं जमिनीकडं पाहून भाव पाडू नये असं वाटत असेल तर ती जमीन रोजच्या रोज साफ पाहिजे.

केशर आंब्याला कैरी चांगली मोठी झाल्यावर कागदी पिशव्या बांधल्या. आंबे देखणे निघाले, डाग नाही. पण कोय फोडली तर काही कोयींत काळा भुंगा! पिशवीत भुंगा शिरला कसा?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

तो पिशवीत शिरला नाही, तुम्ही पिशवी बांधलीत तेव्हा तो आत होताच. कोयीतल्या भुंग्याची मादी कैरी सुपारीएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असतानाच तिच्यावर अंडी घालते. अळी गरातून थेट कोवळ्या कोयीत जाते आणि मागची वाट भरून येते. म्हणून फळ वरून निर्मळ दिसतं. अंड्याएवढ्या कैरीला बांधलेल्या पिशवीनं फळमाशी थांबते, ऊन लागत नाही, फांदीचे ओरखडे आणि काळे डाग टळतात, रंग एकसारखा येतो. कोकणातल्या हापूसमध्ये साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचं प्रमाणही पिशवीनं कमी झालेलं दिसलं आहे. पण भुंग्यावर तिचा इलाज चालत नाही.

भुंग्यासाठी काम वेगळं आणि वेळही वेगळी. तो फळ नसताना खोडाच्या सालीच्या भेगांत दडून बसतो. मोहोर येण्याआधी खोड आणि जाड फांद्यांवरची सुटलेली साल खरवडून जाळा, कैरी बारीक असतानाच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीची फवारणी घ्या, गळलेल्या कैऱ्या वेचा. आणि आंबे खाऊन झाल्यावर कोया उकिरड्यावर फेकू नका, जाळून टाका. तुमच्याकडं माच घालून, म्हणजे गवतात दडपून पिकवतात ना? मग माच उलगडला की त्याच ठिकाणी कोयांसाठी एक टोपलं ठेवा. सगळ्या घरानं कोया त्यातच टाकायच्या.

किडकं फळ म्हणजे आपल्या घरापुरतं नुकसान, असं समजू नका. युरोपीय संघानं 1 मे 2014 पासून भारतातला आंबा घेणं थांबवलं होतं, कारण आलेल्या मालात फळमाशी सापडली. वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही त्यात अडकली. आंब्यावरची बंदी 2015 च्या जानेवारीत उठली. मधला हंगाम मात्र ज्यांच्या बागा स्वच्छ होत्या त्यांचाही गेला.

केळीच्या घडाला निळी पिशवी केव्हा घालावी? वरून बांधून खालूनही बांधावी का?
— ता. अकोट, जि. अकोला

शेवटची फणी मोकळी झाली, केळफूल मोडून काढलं, की त्याच आठवड्यात. पिशवी दांड्याला पहिल्या फणीच्या वर बांधायची आणि खालचं तोंड उघडं, घडाच्या खाली वीतभर लोंबतं ठेवायचं. खालून बांधली तर आत वाफ कोंडते. फुलकिडे मात्र पाकळ्यांच्या आडच बसून कोवळ्या केळ्याला खरवडतात, त्यांचा बंदोबस्त केळफूल उमलण्याच्या सुमारासच करावा लागतो. थंडीत ही पिशवी घडाला ऊब देते, भरणी थांबत नाही. उन्हाळ्यात मावळतीकडच्या बाजूला पिशवीच्या आत वाळकं केळीचं पान सरकवा, नाहीतर त्या बाजूची केळी करपतात.

सीताफळाला पिशवी बांधली आणि आत पांढरा कापूस भरल्यागत ढेकूण झाला. उघड्या फळांवर एवढा नव्हता.
— ता. दिग्रस, जि. यवतमाळ

पिठ्या ढेकणाला पिशवी म्हणजे आयता निवारा. ऊन नाही, पावसाचा मार नाही, त्याला खाणारे ढालकिडेही आत येऊ शकत नाहीत. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या खाचेत चार पिल्लं राहिली तरी पुरतात. म्हणून सीताफळाला मी पिशवी सुचवत नाही. मुंग्या थांबवा. मुंग्याच या ढेकणाला एका फांदीवरून दुसरीवर नेतात, त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याची राखण करतात. खोडाला दोन-अडीच फुटांवर प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळून त्यावर ग्रीस किंवा चिकट पदार्थ लावा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, झाडाखालची वारुळं उकरा. सुरुवातीलाच पाच टक्के निंबोळी अर्क मारा : पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करायचं. खाचाखाचांत फवारा जाईल असा नोझल धरा.

अंगणात दोन जांब आणि एक आंबा आहे. पिशव्या बांधल्या तर वांदरांनी त्याच ओरबाडून काढल्या. काय करावे?
— एक आजी, ता. देवरी, जि. गोंदिया

आजी, पिशवीनं वांदर थांबत नाही, उलट आत काय आहे ते पाहायला आधी तीच ओढतो. तुमच्या तीनच झाडांसाठी सांगते. छपरावर आलेल्या फांद्या छाटा, म्हणजे त्यांची उडी मारायची जागा जाईल. आंबा झाडावर पिकू देऊ नका, पाड लागला की उतरवून माच घाला. जांबही पिवळा व्हायची वाट पाहू नका, हिरवा रंग फिकट झाला की काढा, घरात दोन दिवसांत पिकतो. एखाद्या झाडाला मासेमारीची जुनी जाळी पूर्ण पांघरून जमिनीपर्यंत सोडता आली तर पाहा. तुमच्या भागात तळी आणि ढीवर बांधव भरपूर, जुनी जाळी मागितली तर मिळेल. पण ती ताणून बांधा. सैल राहिली तर तिच्यात पाखरं आणि साप अडकतात.

पिशव्या बांधायच्याच असतील तर कागदाच्या किंवा जुन्या सुती कापडाच्या बांधा. वांदरांनी फाडलेलं प्लॅस्टिक अंगणात पडतं आणि संध्याकाळी परतलेली गाय ते फळाच्या वासासकट खाते. बाकीच्या वाचकांनाही माझं हेच कळकळीचं सांगणं आहे. बांधलेल्या पिशव्यांचा आकडा वहीत लिहा, आणि तोडणी झाल्यावर तेवढ्या परत गोळा झाल्या का ते मोजून घ्या.